बांधावर उभं राहून

आमच्या हबीबगंजच्या घराच्या गच्चीवर एक जुना प्लास्टिकचा टब आहे. पूर्वी त्यात धुणं भिजायचं. कडेला चीर गेली तेव्हा टाकून द्यायला काढला होता, तो राहिला. गेली सात-आठ वर्षं आषाढ लागला की मी त्यात माती-पाणी कालवून चिखल करते आणि मूठभर भात लावते. भात आजऱ्याचं, घनसाळ. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून बी पाठवते. शेजारच्या बाई दरवर्षी न चुकता विचारतात, "इतने से क्या होगा, भाभीजी?" काही होत नाही. एका वेळच्या मुगाच्या खिचडीलाही ते पुरत नाही.

आणि जे होतं तेही धड होत नाही. पानं छान येतात, हिरवीगार. फुटवे फुटतात. निसवतंही. पण लोंबी हातात घेऊन चोळली तर निम्म्याहून जास्त पळंज. जे दाणे भरतात त्यांना वास असतो, नाही असं नाही. पण तो नाकाजवळ नेल्यावर कळणारा वास. आजऱ्यात घनसाळ शिजला की शेजारच्या आळीला कळतं कुणाकडे पाहुणे आलेत ते. या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे आजरा भागात पिकला तरच त्याला आजरा घनसाळ म्हणायचं. पूर्वी मला तो सरकारी कागदाचा खेळ वाटायचा. टबाने शिकवलं की नाही, बी तेच असून गोष्ट तीच राहत नाही.

भाची म्हणते त्यात गूढ काही नाही. सुवासिक तांदळाचा वास एका विशिष्ट द्रव्याचा असतो, ते तयार करायची ताकद बियाण्यात असते. पण दाणा भरताना हवा थंडावलेली असेल तर वास चांगला उतरतो, उन्हाळी कोरडी हवा असेल तर कमी. बासमतीचंही तसंच. म्हणजे बी आपल्याबरोबर एक शक्यता घेऊन येतं, आणि पुढचं त्या त्या ठिकाणची माती, पाणी, रात्रीचा गारवा ठरवतो.

या भाचीबद्दलच लिहायचं आहे. पण आधी एक जुनं बोलणं सांगते.

आमची आज्जी म्हणायची, पोरगी म्हणजे तरव्यातलं रोप. भात लावणाऱ्या घरांत हे बोलणं सगळ्या बायकांच्या तोंडी असतं. तरवा एका कोपऱ्यात टाकायचा, दाट. वीसेक दिवसांनी रोपं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, आणि चिखल केलेल्या दुसऱ्या वावरात लावायची. तरव्यातच राहिलं तर रोप वाळतं, दाटीत त्याला दाणा धरत नाही. लावल्यावर आठ-दहा दिवस पिवळं पडतं, माना टाकतं. मग एके सकाळी बघावं तर हिरवं. "मूळ धरलं" म्हणायची आज्जी, आणि आम्हा मुलींकडे बघायची. आमच्याकडे धूळवाफेवरही भात पेरायचे, म्हणजे उन्हाळ्यातच कोरड्या मातीत बी टाकायचं. ते तिथेच उगवतं आणि तिथेच पिकतं, त्याला कुणी उपटत नाही. पण ते उदाहरण मुलींना कुणी दिल्याचं मला आठवत नाही.

मी १९८७ साली लग्न होऊन भोपाळला आले. यजमान रेल्वेत. गॅसकांडाला तीन वर्षंही झाली नव्हती. माहेरी सगळे घाबरले होते, आईने तर स्टेशनवर माझा हातच सोडला नाही. आठ दिवस नाही, मी चांगली आठ महिने पिवळी पडले होते. भात-नाचणीवर वाढलेली मी, इथे सकाळ-संध्याकाळ गहू. मंदिरात स्वाध्याय हिंदीत, त्यातही बुंदेली वळणाचं. एप्रिल-मेचं ऊन असं की अंगणात पाय ठेववत नाही. पण धरलं मूळ. आज माझ्या मराठीत 'अपन' शिरलंय, माझे बाफले इथल्या बायका मागून नेतात, आणि आजऱ्याला गेले की चार दिवसांत मला पावसाचा कंटाळा येतो. याचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, अजूनही आहे.

म्हणूनच भाचीने लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात फोन केला तेव्हा मी तिला आज्जीचंच रोप काढून दाखवलं. स्थळ मीच सुचवलेलं. इथून गाडीने चार-पाच तासांवरचं गाव, समाजातलं घर, नीटनेटकी माणसं. ती म्हणाली, "मावशी, मला इथे श्वास पुरत नाही." मी म्हटलं, "बाळ, रोप आहेस तू. पिवळी पडशील थोडे दिवस. मग बघ." ती कृषीची एम.एस्सी. झालेली मुलगी, कोल्हापूरला शिकली, भाताच्याच विषयात. मला वाटलं हे उदाहरण तिला भिडेल. ती जरा थांबली आणि "हो, मावशी" म्हणाली.

दोन वर्षांनी भाद्रपदात, दशलक्षणाला चार दिवस असताना, ती एक बॅग घेऊन आमच्या स्टेशनावर उतरली. स्टेशनाचं नाव २०२१ च्या नोव्हेंबरात राणी कमलापती झालंय, रिक्षावाले अजून हबीबगंजच म्हणतात, आणि तिनेही फोनवर तेच सांगितलं, "मावशी, हबीबगंजला उतरलेय." मी न्यायला गेले तर मला ती ओळखूच आली नाही. तेरा किलो वजन उतरलेलं. बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडायची आणि समोरच्याचा चेहरा बघायची, पुढचं बोलायला परवानगी आहे का असा.

मारहाण नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात, आणि "नाही" म्हटलं की त्यांचा चेहरा सैलावतो. "मग झालं तरी काय?" काही झालं नाही. नोकरी करायची नाही, ठीक. एकटीने बाहेर जायचं नाही, ठीक. माहेरचा फोन सगळ्यांसमोर घ्यायचा. स्वयंपाकघरात कपाटाच्या किल्ल्या नाहीत, पुस्तकं माळ्यावर. जेवताना काय बोलली त्याची रात्री उजळणी. प्रत्येक गोष्ट इतकी लहान की तक्रार म्हणून उचलायला गेलं तर बोटांच्या फटीतून गळते. तिने सगळ्याला जुळवून घेतलं. तेच तर मी सांगितलं होतं.

आठवडाभर ती गच्चीवरच असायची, टबापाशी. एकदा मी दुपारचं ताक घेऊन वर गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, तू तेव्हा रोपाचं बोललीस ना. लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी शेतात आणखी एक काम असतं. ते काय?"

मला कळलं ती काय विचारतेय. लावलेल्या रोपांतली काही मूळ धरत नाहीत. ती कुजतात. मग उरलेल्या रोपांतून त्या मोकळ्या जागा भरून काढतात. त्याला नांग्या भरणं म्हणतात. आठ दिवसांत भरल्या की शेत पुन्हा सारखं दिसतं. नंतर कुणाला सांगता येणार नाही कुठल्या जागी पहिलं रोप गेलं होतं.

मला त्या क्षणी आज्जीची धाकटी बहीण आठवली. मी तिला पाहिलेलं नाही. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती पाण्याला गेली आणि विहिरीवरून परत आली नाही. घरात याच्यापुढे कधी कुणी बोललं नाही. वर्षाच्या आत त्या घरी दुसरी गेली, आमच्याच भावकीतली. तिचे नातू आज मला 'आत्या' म्हणतात. सगळं व्यवस्थित दिसतं. आणि आमची आज्जी, जिची सख्खी बहीण गेली, तीच आम्हाला रोपाची गोष्ट सांगायची. तिला नांग्या माहीत नव्हत्या असं कसं म्हणू? दर पावसाळ्यात ती स्वतः भरत होती.

"आमच्या वेळी आम्ही नाही का केलं?" असं म्हणणारी प्रत्येक बाई उरलेली बाई असते. हे मी आजवर लक्षातच घेतलं नव्हतं. ज्यांना नाही जमलं त्या सांगायला येत नाहीत.

भाचीशी या विषयावर मग पुष्कळ बोलणं झालं. खरं तर तीच बोलायची, मी ऐकायची; अर्धी वाक्यं हळूहळू पुरी व्हायला लागली तीही याच विषयावर, म्हणून मी मुद्दाम विचारत राहिले. तिने मला एक फरक समजावला, जो मी साठी उलटेपर्यंत कुणाकडून ऐकला नव्हता. आपण 'झाड परिस्थितीशी जुळवून घेतं' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. एक, तेच झाड आपल्याच हयातीत थोडं बदलतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटलीत मनी प्लांट आहे, पानं रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी. त्याचीच फांदी मी समोरच्या बाईंना दिली, त्यांनी ती ताडाच्या झाडाशी लावली. ती वर चढली आणि वरची पानं सुपाएवढी, काही तर कडेला फाटलेली. वेल तोच, जीव तोच म्हणा. चढायला आधार मिळाला तर एक रूप, बाटली मिळाली तर दुसरं. बाटलीतला मेलेला नाही, पण तो बाटलीएवढाच जगतोय.

दुसरी गोष्ट पिढ्यान् पिढ्यांची. एखादी जात थंडीची होते, एखादी पुराची होते. ते कुणा एका झाडाने मन घट्ट करून केलेलं नसतं. थंडीत जी मेली त्यांचं बी राहिलं नाही, जी तगली त्यांचं राहिलं. म्हणजे 'या जातीने जुळवून घेतलं' या वाक्यात मेलेल्यांची एक लांबलचक यादी दडलेली असते.

या दोन्हींतली सीमा कुठे आहे हे शोधायला अमेरिकेत कॅलिफोर्नियात क्लाउसेन, केक आणि हीसी या तिघांनी मोठा खटाटोप केला. १९४० साली त्यांनी तो छापला. एकाच रोपाचे तुकडे करायचे आणि ते तीन ठिकाणी लावायचे: एक समुद्रसपाटीजवळ स्टॅनफर्डला, एक डोंगरात १४०० मीटरवर, एक थेट ३०५० मीटरवर, जिथे झाडांची हद्द संपते. तुकडे एकाच रोपाचे, त्यामुळे रक्ताचा फरक नाही. जो दिसेल तो जागेचा. तर काय दिसलं? सगळे बदलले. उंची बदलली, फुलायची वेळ बदलली. पण किनाऱ्याकडची रोपं वरच्या थंडीत टिकलीच नाहीत. आणि बर्फातली रोपं खाली ऊबदार जागी आणली तरी हिवाळा आला की झोपी जायची, बाहेर ऊन असूनसुद्धा. किनाऱ्याचं रोप डोंगरावर नेलं म्हणून डोंगराचं झालं नाही. त्यांच्या आधी फ्रान्समध्ये बॉनिये नावाच्या शास्त्रज्ञाला वाटलं होतं की मैदानातल्या वनस्पती आल्प्सवर नेल्या की त्या तिथल्याच जाती होऊन जातात. ते पुढे टिकलं नाही.

मला आपलं यात वेगळंच काही टोचत राहिलं. एका रोपाचे तीन तुकडे केले, तिन्ही वाढले, तर जीव किती झाले? पाठशाळेत आपण साधारण आणि प्रत्येक वनस्पती पाठ केलं, बटाटा-रताळं का खायचं नाही ते शिकलो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. भाचीला विचारलं तर हसली. दोन वर्षांनी पहिल्यांदा हसली असावी. म्हणाली, "मावशी, हे तुझ्या स्वाध्यायातल्या बायकांना विचार." विचारलं. अजून वाद चालू आहे.

पुराची गोष्ट मात्र तिने वेगळ्या आवाजात सांगितली. भात पाण्यातलं पीक खरं, पण शेंड्यापर्यंत बुडालं तर तेही मरतं, आठवडा-दीड आठवड्यात. बुडाल्यावर रोपाच्या आत इथिलीन वायू साठतो. केळी पिकवणारा तोच हा. तो साठला की रोपाला कळतं, आपण बुडालोय. मग काही भातं उंच व्हायला लागतात. बंगाल-आसामकडची खोल पाण्यातली भातं पाण्याबरोबर वर वर वाढतात, माणसाच्या दुप्पट उंच होतात, शेंडा हवेत ठेवतात. महिनोन् महिने पाणी साचतं तिथे हाच उपाय. पण पूर आठवड्याभराचा असेल तर असं ताणून वाढणाऱ्या रोपाची सगळी शिदोरी संपते, पाणी उतरलं की ते आडवं होतं.

ओडिशातलं एक जुनं देशी वाण उलटं करतं. बुडालं की ते थांबतं. वाढ बंद, साखर जपून, गप्प. पाणी ओसरलं की पुन्हा सुरू. त्या वाणातला हा गुण ज्या जनुकात आहे तो २००६ मध्ये ओळखला गेला, आणि तो घालून केलेलं 'स्वर्णा सब-१' हे वाण २००९ मध्ये आपल्या देशात शेतकऱ्यांपर्यंत आलं. पूर येणाऱ्या भागांत त्याने पुष्कळ घरांचं भात वाचवलं.

"किती दिवस थांबू शकतं ते?" मी विचारलं.

"दोन आठवडे. साधारण चौदा दिवस. त्याच्यापुढे तेही मरतं." मग म्हणाली, "मी दोन वर्षं थांबले, मावशी."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. पाणी उतरणार आहे की नाही हे बुडालेल्या रोपाला कळत नसतं. बांधावर उभं राहणाऱ्याला थोडंफार दिसतं: वरून अजून पाणी येतंय का, बाहेर जायला वाट आहे का. फोन आला तेव्हा मी बांधावर होते. मी बघितलंच नाही. तिथूनच ओरडून सांगितलं, थांब, होईल.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना 'उत्तम क्षमा' म्हणतो. हल्ली तर एक चित्र शंभर जणांना पाठवलं की काम झालं. त्या दिवशी सकाळी मंदिरातून आले, ती चहा करत होती. मला तो ठरलेला शब्द तिच्यापुढे उच्चारता येईना. मी म्हटलं, "त्या दिवशी फोनवर मी चुकले. स्थळ सुचवलं ते चुकून, पण फोनवर जे बोलले ते न ऐकताच बोलले." तिने गॅस बारीक केला, म्हणाली, "साखर किती?" दुसरं काही नाही. तिने क्षमा केली की नाही मला माहीत नाही, आणि ते तिला विचारणं म्हणजे पुन्हा माझंच ओझं तिच्यावर टाकणं होईल.

मैत्रिणींनो, एक गोष्ट मात्र माझ्या मनात पक्की होत गेली, ती मांडते. चुकत असेन तर जाणकारांनी सांगावं. आपल्याकडे वनस्पती स्थावर जीव. एकच इंद्रिय, स्पर्शाचं. पाठशाळेच्या बाई आम्हाला सांगायच्या, त्रास झाला की उठून जाऊ शकतो तो त्रस, जाऊ शकत नाही तो स्थावर. शास्त्राप्रमाणे हे नामकर्मावरून ठरतं, नुसत्या हालचालीवरून नाही, हे मोठेपणी वाचलं. पण लहान मुलांसाठी बाईंची व्याख्या वाईट नव्हती. झाड ऊन लागलं तर सावलीत जाऊ शकत नाही, म्हणून पान जाड करतं, बारीक करतं, गाळून टाकतं. सागाचं बघा. इकडच्या कोरड्या रानातला साग हिवाळ्यातच पानं टाकायला लागतो, दमट घाटातला पुष्कळ उशिरा. जुळवून घेणं ही न जाता येणाऱ्याची विद्या आहे. मोठीच विद्या आहे, तिच्यापुढे मी हात जोडते. पण पाच इंद्रियं आणि मन असलेल्या, दोन पाय असलेल्या मुलीला जेव्हा आपण 'रोप हो' म्हणतो, तेव्हा आपण तिला कुठून कुठे बसवतो? मनुष्यगती दुर्लभ म्हणून रोज घोकायचं, आणि घरातल्या लेकीला ती मिळाली तर तिला एकेंद्रिय व्हायला सांगायचं!

आपले मुनी तर एका जागी राहतच नाहीत. २०१६ साली आचार्य विद्यासागर महाराजांचा चातुर्मास इथे हबीबगंजच्या मंदिरात झाला. बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे ते, म्हणजे आमच्या मुलखाच्या शेजारचे. मला तेवढ्यानेच माहेरचं माणूस आल्यासारखं झालं होतं. चार महिने थांबले. का थांबतात? तर पावसात जिकडेतिकडे अंकुर उगवलेले, बारीक जीव झालेले, चाललं तर पायाखाली येतील. ज्याला चालता येतं त्याने, न चालणाऱ्यासाठी थांबायचं. आम्ही बायका रांगेत उभ्या राहून आहार दिला, पण थांबायचं कुणी आणि कुणासाठी, हे घरी आल्यावर कुणाच्या लक्षात राहिलं?

आता याची दुसरी बाजू. निघून जाणं म्हणजे सुटका असंही मला म्हणायचं नाही, भोपाळात राहून तर नाहीच. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री जुन्या शहरात कारखान्यालगत झाडं होती तिथेच उभी राहिली. पानं करपली, गळाली, पुढे काहींना पालवी फुटली. माणसं धावली. मंदिरातल्या एका आजींनी मला सांगितलं, धावणाऱ्यांनी जास्त वायू ओढून घेतला, दार-खिडक्या लावून ओलं फडकं तोंडावर धरून बसलेले काही वाचले. त्यांचा मुलगा धावला होता. म्हणून मी कुणाला 'ऊठ आणि निघ' असंही बांधावरून सांगणार नाही. आणि मी स्वतः थांबले, मला थांबण्यातून पुष्कळ मिळालं, हेही खरं. पण मला इथे सासूबाई होत्या, ज्यांनी पहिल्या उन्हाळ्यात कुठून कुठून शोधून नाचणीचं पीठ आणवलं होतं. कुणीतरी माझ्या मुळाशी पाणी घातलं होतं. मी धरलं मूळ, तर श्रेय सगळं माझ्या चिवटपणाला देऊन मोकळी झाले, इतकी वर्षं.

आक्काचा फोन रोज येतो. तिला वाटतं मी लेकीला समजवावं. "तू तिथे इतकी वर्षं काढलीस ना? सांग की तिला. दिवाळीपर्यंत जाऊ दे परत, लोक विचारायला लागलेत." परवा ती रडली. मी तिला नांग्यांचं काही बोलले नाही. आज्जीची बहीण ही आक्कालाही माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त. तिच्या लेकीवर जे आलं त्यात माझा वाटा आहे हे तिने मला एकदाही ऐकवलं नाही, ते मला जास्त लागतं.

भाची सध्या दहा नंबरच्या बाजारात एका रोपवाटिकेत सकाळी चार तास जाते. पगार फारसा नाही. पुढे काय, परत जायचं की वेगळं व्हायचं, कागदपत्रं करायची का, तिने ठरवलेलं नाही, आणि घरात तिला कुणी विचारत नाही. विचारायचं नाही असं मी यजमानांना बजावून ठेवलंय. ते बिचारे तिच्याशी फक्त क्रिकेटचं बोलतात. वजन दोन किलो भरलंय. माळ्यावरची पुस्तकं तिकडेच राहिली, त्याचं मात्र तिला फार लागलंय.

टबातलं भात निसवलंय. यंदा तिने तो टब उचलून पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवला, तिथे दुपारचं ऊन कमी लागतं. दाणे जास्त भरतील का, विचारलं तर म्हणाली, बघू, एका वर्षावरून काही सांगता येत नाही.

काल रात्री मीच आक्काला फोन केला. म्हटलं, "मी तिला काही सांगणार नाही. तू ये. आठ दिवस राहा, तिच्याबरोबर झोप, तिचं ऐक. मग तुला काय सांगायचं ते सांग." ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, घरी गाई आहेत, कापणी तोंडावर आलीय, कशी येऊ? सकाळी साडेसहाला परत तिचा फोन: तिकीट काढायला सांगितलंय, पुण्यात गाडी बदलावी लागेल. येताना काय आणू, विचारत होती. मी म्हटलं, घनसाळ आण पाच किलो. बियाण्याचं नको, खायचं.